फाबियानच्या पाठीमागून

धावताना मला मैदान कधी दिसायचं नाही. फाबियानची पाठ दिसायची. अमेरिकन फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तो नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर कासवासारखं कवच. त्यात चेंडू पोटाशी कवटाळून जो पळतो त्याला रनिंग बॅक म्हणतात. तो मी होतो. आणि त्याच्या दोन पावलं पुढे धावून, समोरून येईल त्याच्या अंगावर जाऊन जो वाट मोकळी करतो तो फुलबॅक. तो फाबियान. चेंडू त्याच्या हाती जवळजवळ कधीच येत नसे. लोक टाळ्या वाजवायचे त्या मला. पण घोळक्यात शिरताना मी बघायचो ते फक्त त्याच्या दोन खांद्यांच्या मधलं अंतर. तो डावीकडे कलला की मी उजवीकडे. डोळे मिटून म्हणतात तसा विश्वास होता तो, फक्त डोळे उघडे असायचे इतकंच.

आम्ही जर्मनीत बॉबलिंगेनला एका तीन मजली इमारतीत राहायचो. आम्ही वर, फाबियान आणि त्याची आई तळमजल्यावर. बाबा एका सॉफ्टवेअर कंपनीत. पुण्याहून दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि राहिले. त्या घराचा विचार केला की मला आधी आवाज आठवतात, किंवा खरं तर आवाज होऊ नये म्हणून चाललेली आईची धडपड. दुपारी एक ते तीन शांतता पाळायची, रविवारी तर दिवसभर. त्यामुळे शनिवारी सकाळी आमच्या मिक्सरवर धाड पडल्यासारखं व्हायचं. खोबरं, मिरच्या, शेंगदाण्याचं कूट, इडलीचं पीठ, सगळं एकच्या आत. एकला पाच कमी असताना आई मिक्सरचं झाकण दाबून धरून घड्याळाकडे बघत उभी, हे चित्र मी कधीही डोळ्यांपुढे आणू शकतो. जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घराची असायची, केहरवोखं म्हणायचे त्याला. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकायची. आईला त्या पाटीचा धाक होता. पाटी लागली की ती जिना नुसता झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कठड्याच्या सळ्यासुद्धा. "उगाच कोणी नाव ठेवायला नको," म्हणायची.

मी लहानपणी जर्मनमध्ये उत्तरं द्यायचो. आई मराठीत विचारायची, मी जर्मनमध्ये बोलायचो, आणि मग ती उलथनं हातात धरून नुसती उभी राहायची. मराठीत मागितल्याशिवाय पोळी मिळायची नाही. भूक चांगली शिक्षिका असते. फाबियानला मात्र सगळी सूट. त्याची आई नर्स होती, तिच्या पाळ्या बदलत्या, म्हणून शाळा सुटली की तो आमच्याकडेच जेवायचा. मुलगा आडवा, गोरागोमटा, हसला की डोळे नाहीसे व्हायचे. आमचं तिखट खाताना त्याचे कान लाल व्हायचे, पण तो ताट सोडायचा नाही. आई क्वार्क, म्हणजे इथलं दह्यासारखं मऊ चीज, फडक्यात बांधून टांगायची आणि त्याचं श्रीखंड करायची. इथल्या क्वार्कचा चक्का पुण्यातल्यापेक्षा आंबट होतो, मग साखर जास्त. फाबियान ती वाटी बोटाने पुसून खायचा आणि आईला "आई" म्हणायचा, कारण मी तिला तसं म्हणायचो आणि त्याला वाटायचं ते तिचं नावच आहे. खरा अर्थ कळला तेव्हा तो लाजला, पण म्हणणं सोडलं नाही.

मला क्लबात त्यानेच नेलं. तेरा वर्षांचा होतो. शाळेत मी धावण्यात कोणाला सापडायचो नाही, आणि तो म्हणाला की आमच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, अशा माणसाची गरज आहे. बाबांना हे पसंत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने खेळ म्हणजे संध्याकाळचा तास, त्यानंतर पाय धुऊन अभ्यास. शाळेत ते स्वतः कबड्डी खेळलेले. पहिल्यांदा सामना बघायला आले तेव्हा हातात वही, तीत नियम लिहून आणलेले. घरी येताना गाडीत म्हणाले, "म्हणजे तू चढाईला जातोस." मी म्हटलं, हो, तसंच. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "फक्त आपल्याकडे चढाईला माणूस एकटा जातो." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं, माझ्यापुढे फाबियान आहे याचं. आई मैदानावर यायचीच नाही. गवताचे हिरवे डाग लागलेली जर्सी बाल्कनीत वाळत घालताना ती त्या डागांकडे अशी बघायची की जणू ते रक्ताचे आहेत.

सहा-सात वर्षं आम्ही दोघं असे पुढेमागे धावलो. मग एका व्यावसायिक संघाने मला बोलावलं. संघ दुसऱ्या शहरातला, गाडीने दोन तासांवर. त्यांचा कोच अमेरिकन, स्वतः जुना खेळाडू, मान नसलेला माणूस. बोलताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मला "सन", म्हणजे बेटा, म्हणायचा. तो मला घ्यायला तयार होता, फाबियानला नाही. असे फुलबॅक त्याच्याकडे होते, म्हणाला. मी सांगितलं की मी एकटा येणार नाही. वय वीस, आणि अशी वाक्यं बोलायची छाती त्याच वयात असते. कोचने माझ्या खांद्यावरचा हात काढला. शेवटी त्याने दोघांनाही घेतलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही करारावर सह्या केल्या. बाबांनी प्रत्येक पान दोनदा वाचलं. "पदवी पुढे ढकलतोयस, सोडत नाहीयेस," असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. फाबियानची आई खालून केक घेऊन आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली की माझा मुलगा तुझ्यामुळे जातोय, हे मी विसरणार नाही.

नव्या शहरात आम्ही दोघांनी मिळून दोन खोल्यांचं घर घेतलं. आई महिन्याला एक खोकं पाठवायची, त्यात गोडा मसाला, मेतकूट, भाजलेला रवा. खिचडी फाबियान माझ्यापेक्षा चांगली करायचा. त्याला धीर होता, झाकण सारखं उघडायचा नाही. सकाळी बर्फाच्या पाण्यात बसायचो, दुपारी सराव, संध्याकाळी त्याच्या खांद्याला मी मलम चोळायचो आणि माझ्या पायांना तो. रनिंग बॅकचं आयुष्य फार थोडं असतं. प्रत्येक धाव म्हणजे दोन-तीन माणसं अंगावर. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक चाळिशीपर्यंत खेळू शकतो, रनिंग बॅकला तिशी म्हणजे म्हातारपण. हे मला ठाऊक होतं. म्हणून मी घाईत होतो. आज वय सांगत नाही, पण सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्या घाईतल्या मुलाची मला दया येते आणि थोडा हेवाही वाटतो. पहिल्या मोसमात मी चांगला खेळलो. दुसऱ्यात त्याहून चांगला. अमेरिकेतल्या संघांची माणसं आमचे सामने बघायला येणार, असं कोच सांगू लागला. बघायचं ते मलाच, हे सगळ्यांना माहीत होतं.

उपांत्य सामन्याच्या दहा दिवस आधी सरावात माझा डावा गुडघा वळला. पडलो नाही, चालत बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी तो पपनसाएवढा सुजला. संघाचे डॉक्टर सुट्टीवर होते. फिजिओ बाईंनी स्कॅन करून आणायला सांगितलं, तो केला. रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता. मला पाय वर ठेवून पडून राहायचं होतं, म्हणून मी एका कागदावर लिहून दिलं की माझे कागद फाबियान घेईल, त्याला माझा पूर्ण अधिकार आहे. खाली सही केली. तो सायकलवरून गेला. दुपारी परत आला तेव्हा मी खिडकीपाशी पडलेलो, गुडघ्यावर गोठवलेल्या मटारांची पिशवी. तो दारातच उभा राहिला, बूट न काढता.

मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"सूज आहे. बाकी सगळं ठीक. कागद कोचकडे दिलेत."

मी कागद मागितला नाही. का मागायचा? फाबियानने सांगितलं होतं. त्या दिवशी त्याने खिचडी केली नाही, आपण बाहेरून काहीतरी आणू म्हणाला, हे मला आठवतं. पण तेव्हा ते नुसतं जेवण होतं.

सामन्याला आई पहिल्यांदाच आली. बाबांनी तिला बळेच आणलं होतं. गुडघ्याला पट्टी, वर वेदना मारणारी सुई. कोचने माझं शिरस्त्राण दोन्ही हातांत धरून कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाला, सन, आजचा दिवस तुझा. पहिला अर्धा भाग बरा गेला. उत्तरार्धात नेहमीची चाल आली, आमची लाडकी. फाबियान डावीकडून शिरणार, मी त्याच्या मागे. त्याने समोरच्याला असा उचलला की दार उघडावं तशी वाट उघडली. पुढे कोणीच नव्हतं. नुसतं गवत. मी डावा पाय रोवून वळलो आणि गुडघ्यात काहीतरी सुटलं. आवाज मी कानाने ऐकला नाही, दातांत ऐकला. मला कोणी हातही लावला नव्हता. मी मोकळ्या मैदानात पडलो आणि चेंडू कुठे गेला ते मला आजही माहीत नाही. मान वळवली तेव्हा फाबियान दिसला. सगळे माझ्याकडे धावत येत होते. तो जिथे होता तिथेच उभा होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, खाली बघत.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या, कोरड्या बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या उशाशी खुर्ची ओढली आणि विचारलं की या गुडघ्याने तुम्ही खेळायला उतरलातच कसे. मी म्हटलं, सूज होती, बाकी ठीक होता. त्यांनी चष्मा काढला. रेडिओलॉजीकडून आधीचा रिपोर्ट मागवला होता, म्हणाल्या, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की अस्थिबंध अर्धा फाटलाय, गादीही फाटलीय, पायावर भार नको, खेळ पूर्ण बंद. तेव्हा थांबला असतात तर परत खेळण्याची चांगली आशा होती. आता अस्थिबंध संपूर्ण गेलाय आणि त्याबरोबर कूर्चाही. चालाल, म्हणाल्या. सायकल चालवाल. मी विचारलं, धावणं? त्यांनी चष्मा परत लावला.

मला वाटलं काहीतरी घोटाळा आहे, दुसऱ्या कोणाचा तरी रिपोर्ट. बाबा स्वतः त्या रेडिओलॉजीच्या दवाखान्यात गेले आणि माझ्या कागदांच्या प्रती घेऊन आले. रिपोर्ट एक पान होता. शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत, कोणालाही कळेल असं. त्यामागे मी लिहून दिलेला अधिकाराचा कागद टाचलेला, आणि त्यावर शिक्का: रिपोर्ट उघडा दिला, घेणाऱ्याला तातडीची सूचना समजावून सांगितली. खाली फाबियानची सही. त्याची सही मी शेकडो वेळा पाहिली होती. शेवटचं अक्षर तो शेपटीसारखं ओढायचा. बाबा पलंगाच्या कडेला बसून राहिले. मी तुला सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. त्यांचं हे मौन मी अजून फेडतोय.

मी कुबड्यांवर बॉबलिंगेनच्या घरी आलो. फाबियान तिसऱ्या आठवड्यात आला, शनिवारी सकाळी. आईला अजून आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिने पाठीवर हात ठेवून त्याला आत घेतलं, पोहे पुढे ठेवले, आणि तू तरी नीट खातोस का रे, असं मराठीत विचारलं. तो चमच्याने पोहे नुसते इकडेतिकडे करत होता. आई आत जाऊन मिक्सर लावेपर्यंत मी थांबलो. मग तो कागद त्याच्या बशीशेजारी ठेवला.

त्याने तो वाचला नाही. बघितलाही नाही. "कोच म्हणाला, एकच सामना," तो म्हणाला. "म्हणाला, सांगितलंस तर तो घाबरून खेळेल आणि घाबरलेला माणूस जास्त लवकर मोडतो."

"आणि तुला काय मिळणार होतं?"

मिक्सर थांबला. पुन्हा सुरू झाला.

"पुढच्या मोसमाचा करार," तो म्हणाला. "माझा संपत आला होता. निक, तू अमेरिकेला गेला असतास. माझं काय झालं असतं?"

मला राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. मला फक्त इतकंच दिसत होतं की नऊ वर्षं मी ज्याच्या पाठीकडे बघत धावलो त्याचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता. तो उठला. बशी स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवली, लहानपणापासूनच्या सवयीने. आईने विचारलं, संपवले नाहीस? तो पायऱ्या उतरून गेला. मग मी आईला सांगितलं. तिने मिक्सरचं भांडं उपडं करून पुसलं, पुन्हा पुसलं, आणि म्हणाली, "त्याच्या कानांना तिखट लागायचं म्हणून मी तुम्हा सगळ्यांचंच फिकं करायचे." एवढंच. त्यानंतर आमच्या घरचं जेवण खरंच तिखट झालं.

इथवर मी कदाचित माफ केलं असतं. बावीस वर्षांचा मुलगा, भ्यायलेला, एका मोठ्या माणसाने चेपलेला. पण बाबांनी संघाला रीतसर पत्र पाठवलं आणि दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की खेळाडूला रिपोर्टची संपूर्ण कल्पना तोंडी देण्यात आली होती, त्याने स्वतःच्या इच्छेने खेळायचं ठरवलं, आणि ही कल्पना दिली गेली तेव्हा एक सहकारी हजर होता. सोबत त्या सहकाऱ्याचं निवेदन. तारीख त्या शनिवारनंतरची. आमच्या पोह्यांनंतर, आईने पाठीवर हात ठेवल्यानंतर, तो कुठल्यातरी कार्यालयात बसला होता आणि त्याने लिहून दिलं होतं की निखिलला माझ्यासमोर सांगितलं, मी स्वतः ऐकलं. खाली तेच शेपटीचं अक्षर. पहिल्यांदा तो गप्प राहिला होता. या वेळी तो बोलला होता.

बाबांना पुढे लढायचं होतं. "अहो, पुरे करा," आई म्हणाली, "त्याच्या आईला रोज जिन्यात तोंड दाखवायचंय मला." आणि खरंच, त्या दोघी बायका पुढची सहा वर्षं त्याच जिन्याने चढल्या-उतरल्या. फाबियानची आई वर यायची बंद झाली. तिला सगळं माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही. पण आईला सायटिका झाली त्या हिवाळ्यात आमच्या पाळीची पाटी दारावर असताना जिना कोणीतरी पहाटे झाडून ठेवायचं. आईने कोणाला विचारलं नाही. ती फक्त पाटी काढून पुढच्या दारावर लावायची.

मी येना नावाच्या शहरात गेलो, प्रकाशशास्त्र शिकलो, भिंगांच्या कारखान्यात लागलो, तिथेच संसार केला. कोच मायदेशी परतला. फाबियान आणखी तीन मोसम खेळला. नवा रनिंग बॅक त्याच्यामागे तितका चालला नाही म्हणे. मग तो मुलांना शिकवू लागला. मी कधी सामना बघितला नाही, अगदी टीव्हीवरही.

गेल्या वर्षी त्याचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं. त्याला यायचं होतं. बायको म्हणाली, येऊ दे. मी स्टेशनाबाहेरच्या बेकरीत भेटायचं कळवलं, घरी नाही. तो आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला, खांदा एका बाजूला उतरलेला. आईचं विचारलं. ती दोन वर्षांपूर्वी गेल्याचं सांगितलं तेव्हा तो रडला, आणि मला ते रडणं आवडलं नाही, कारण ते खरं होतं. मग त्याने खिशातून एक कागद काढला. जुनं निवेदन खोटं होतं, दबावाखाली दिलं होतं, असं त्यावर लिहिलेलं, सही केलेली. मी वाचला. त्याचा आता कोणाला काही उपयोग नव्हता, आणि ते त्यालाही माहीत होतं. तो कागदासाठी आलाच नव्हता. दोन तास झाले, कॉफी गार झाली, तेव्हा त्याने ते विचारलं.

"एक खरं सांग, निक. मी तो रिपोर्ट तुझ्या हातात दिला असता, तरीसुद्धा तू खेळला असतासच ना?"

तो पुढे झुकून बसला होता. मला दिसलं की इतकी वर्षं हा माणूस या एका उत्तरावर झोपतो आणि उठतो. मी हो म्हटलं की तो मोकळा. मी त्याच्याकडे बघितलं, या वेळी नीट, समोरून. मग मी म्हटलं, "ते मला कधीच कळणार नाही. तू मला ठरवायला दिलंच नाहीस." कोट घातला, त्याच्या कॉफीची कपबशी माझ्या ट्रेमध्ये ठेवून आत परत केली आणि बाहेर पडलो.

कधीच कळणार नाही, हे खोटं होतं. मी वीस-बावीसचा होतो, आई पहिल्यांदा येणार होती, अमेरिकेची माणसं बघणार होती. मी तो रिपोर्ट घडी करून खिशात घातला असता आणि खेळलो असतो. हे मला इस्पितळातल्या पलंगावरच कळलं होतं, डॉक्टरीण बाईंनी चष्मा परत लावला तेव्हाच. गुडघा मी गमावलाच असता. पण तो मी स्वतः गमावला असता, आणि आज माझा एक मित्र असता.